धरतीमाता म्हणू नका, सातबाऱ्यावर नाव लावा

आज पर्यावरण दिन. सकाळी एका संस्थेच्या वृक्षारोपणाला गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. पण घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, आधीच सांगते.

प्रमुख पाहुणे बराच वेळ बोलले. "स्त्री म्हणजेच निसर्ग. स्त्री म्हणजे नदी, स्त्री म्हणजे धरती. ती फक्त देते, कधी काही मागत नाही." टाळ्या पडल्या. मग हिरव्या साड्या नेसून आलेल्या आम्हा बायकांना पुढे बोलावलं, हातात एकेक रोप दिलं, फोटो झाले. ज्यांनी आदल्या दिवशी उन्हात मुरूम फोडून ते खड्डे खणले होते त्या बायका टिकाव-घमेली बाजूला ठेवून कंपाउंडच्या भिंतीलगत बसल्या होत्या. फोटोत त्यांना कुणी बोलावलं नाही. मी जाऊन विचारलं, या रोपांना पाणी कोण घालणार? "आम्हीच की ताई, रोजावर सांगितलंय आम्हाला," त्यातली एक म्हणाली.

"ती कधी काही मागत नाही." हे वाक्य दुपारपासून कानात बसलंय. कारण मला एक बाई चांगली माहिती आहे, जिने मागितलं होतं आणि तिला मिळालं नाही.

माझी आत्या. लातूरकडे, औशाजवळच्या गावात दिलेली. तिच्या घरात आतल्या खोलीच्या कोपऱ्यात गाडगी-मडक्यांची उतरंड होती, आणि त्या उतरंडीला आम्हा पोरांना हात लावायची बंदी. त्यात बी असायचं. राखेत घोळलेली तूर, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली चवळी, कापडाच्या पुरचुंडीत कारळ, तीळ, अंबाडी, भोपळ्याच्या बिया. कोणतं बी कोणाच्या रानातून आलं, कोणत्या वर्षी पाऊस उशिरा आला तरी कोणत्या वाणानं दाणे भरले, हे सगळं तिच्या तोंडी. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. मामा फार चांगला माणूस, पण बियाण्याचं विचारलं की म्हणायचे, "ते तिला विचारा, मला त्यातलं कळत नाही."

२०२० साल आठवतंय ना? करोनाचं सगळ्यांनाच आठवतं. मराठवाड्यात त्या जूनमध्ये दुसरंही काहीतरी झालं. दुकानातून आणलेलं सोयाबीन पेरलं, पाऊस पडला आणि ते उगवलंच नाही. एका गावात नाही, जिल्ह्याजिल्ह्यांतून तक्रारी गेल्या. मामा उसने पैसे घेऊन दुसरी पिशवी आणायला निघाले होते. आत्या दारात उभी राहिली. म्हणाली, "खालच्या दोन एकरात आता त्ये सोयाबीन नगं. माझी तूर हाय, बाजरी हाय. दहा-दहा दाणे वल्या फडक्यात बांधून बघितलेत मी. उगवायलेत." आणि तिने ती दोन एकरं आपल्या बियाण्यानं पेरली. बाजरी, मध्ये तुरीची ओळ, कडेला कारळ नि अंबाडी. ती बाजरी घरात आली, तूर वर्षभर पुरली. वरच्या रानात दुबार पेरलेल्या सोयाबीनचं पुढे परतीच्या पावसानं जे व्हायचं ते झालं.

आता कुणीतरी म्हणेल की बघा, स्त्रीचं निसर्गाशी कसं आंतरिक नातं असतं! नाही हो. आत्याला ते बी कळत होतं कारण लग्न होऊन आल्यापासून निवडायचं, पाखडायचं, वाळवायचं, राखेत घोळायचं काम तिच्याच वाट्याला आलं होतं. ते काम मामांनी केलं असतं तर मामांना कळलं असतं. हे ज्ञान तिच्या हातांत कामातून आलं. बाईच्या जातीला उपजत मिळतं असं म्हटलं की तिने इतकी वर्षं केलेले कष्ट पुसले जातात, आणि ते कष्ट यापुढेही तिनेच फुकट करायचे हे परस्पर ठरून जातं. सकाळच्या भाषणात मला हेच खुपलं.

याच्यावर मोठ्या लोकांनी वाद घालून ठेवलेत. इकोफेमिनिझम हा शब्द १९७४ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्स्वाज दोबोन यांनी मांडला. पुरुषी सत्ता बाईलाही वापरते आणि जमिनीलाही, म्हणून दोघींची सुटका एकत्रच होईल, असं साधारण म्हणणं. आपल्याकडे पर्यावरणाच्या अभ्यासक वंदना शिवांनी ते बी-बियाण्याच्या आणि जंगलाच्या प्रश्नाशी जोडलं, हरितक्रांतीनं बायकांच्या हातातलं ज्ञान कसं काढून घेतलं ते सांगितलं. पटतं मला. आत्याची उतरंड पाहिलेल्या कुणालाही पटेल. पण बाईत आणि प्रकृतीत एकच स्त्रीतत्त्व आहे वगैरे सुरू झालं की मी थांबते. अर्थतज्ज्ञ बीना अगरवालांनी १९९२ मध्ये त्यावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की सगळ्या बायकांचं निसर्गाशी एकच नातं नसतं. कोण काय काम करतं, कोणाकडे जमीन आहे, कोणाकडे नाही, यावर ते ठरतं. आज सकाळी हिरवी साडी नेसलेली मी आणि भिंतीलगत बसलेली ती बाई. दोघी बायकाच. नातं एक आहे का?

झाडं तोडू नयेत म्हणून झालेल्या चिपको आंदोलनाचं उदाहरण पाहुण्यांनीही दिलं. "झाडाला मिठी मारणारी माता." त्या दिवशी झालं काय होतं ते तरी सांगायचं. २६ मार्च १९७४, आजच्या उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातलं रेणी गाव. सैन्यासाठी गेलेल्या जमिनीची भरपाई मिळणार म्हणून गावातल्या पुरुषांना बाहेर बोलावून घेतलेलं, आणि नेमका त्याच दिवशी ठेकेदाराची माणसं जंगलात शिरली. गौरादेवी, गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख, सत्तावीस-एक बायकापोरींना घेऊन आडव्या गेल्या. कुऱ्हाडी होत्या समोर, बंदूक होती. त्या हटल्या नाहीत. का? जळण, चारा, पाणी, वैदू औषधाला सांगतो तो पाला, सगळं आणायला रोज त्याच जंगलात त्यांनाच जायचं होतं. वरचं जंगल गेलं की डोंगर खाली येतो, हे त्यांनी १९७० च्या अलकनंदेच्या पुरात बघितलेलं. पुढे सरकारनं समिती नेमली आणि तिथल्या तोडीवर दहा वर्षांची बंदी आली.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती डुंगरी-पैंतोलीची गोष्ट. हीसुद्धा चमोलीतलीच, १९८० ची. बटाट्याच्या बियाण्याच्या फार्मसाठी ओकचं जंगल द्यायचं ठरलं. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना, वीज देऊ असं आश्वासन. गावच्या पुरुषांनी हो म्हटलं. बायकांनी नाही म्हटलं, आपल्याच नवऱ्यांच्या, दिरांच्या, सासऱ्यांच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि जंगल वाचवलं. ही गोष्ट स्टेजवरून कोणी सांगत नाही. ठेकेदाराला अडवणारी बाई सगळ्यांना आवडते. घरच्याला अडवणारी बाई कुणाला आवडत नाही.

मान्य, रस्ता आणि दवाखाना मागणारे पुरुषही चुकीचं काही मागत नव्हते. पण ते मिळवण्यासाठी कोणाच्या पायपिटीत भर पडणार, हे त्यांनी विचारलं नाही.

आणि रेणीचं पुढे काय झालं? ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषीगंगेला लोंढा आला, रेणीजवळचा वीजप्रकल्प वाहून गेला, खालच्या तपोवनपर्यंत मिळून दोनशेवर माणसं गेली. गौरादेवींच्याच गावाच्या परिसरात. त्या प्रकल्पाच्या सुरुंगांविरुद्ध गावातले लोक आधीच कोर्टात गेले होते. गौरादेवींच्या नावानं कार्यक्रम सगळेच करतात हो, गावाचं म्हणणं ऐकायची वेळ आली की कोणी नसतं.

परत आत्याकडे येते. मामा २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली. आत्या पीककर्जाला गेली, मी सोबत होते. बँकेचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर?" सातबारा अजून तिच्या सासऱ्यांच्या नावावर. वारस नोंद मामांच्या भावांनीही केलेली नव्हती, मामांनीही नाही. "मग शेतकरी कोण?" आत्या म्हणाली, "मीच की. मी करते शेत." त्या मुलाला हसूही आलं नाही, तो उर्मट नव्हता, तो फक्त फॉर्म भरत होता. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, घरकाम. आत्याला वाचता येत नाही. तिने मला विचारलं काय लिहिलं, आणि मी सांगितलं. ती काही बोलली नाही. बाहेर येऊन पिंपळाखालच्या पारावर बसली आणि पदरानं पाय पुसत राहिली, मुरमाड रस्त्यानं चालून आलेले ते पाय.

ही बाई तुमची धरतीमाता. तिला पन्नास हजाराचं पीककर्ज मिळत नाही कारण धरतीच्या कागदावर ती नाही.

शेतकरी म्हणून जे जे मिळतं त्याला आधी सातबारा लागतो. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, केंद्राच्या पीएम-किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये. २०१५-१६ च्या कृषीगणनेत देशातल्या शंभर वहितीदारांमागे बायका चौदासुद्धा भरत नाहीत. आणि रानात जाऊन बघा. खुरपायला कोण, कापूस वेचायला कोण, सोयाबीन कापायला कोण, मिरची तोडायला कोण. आकडे कशाला हवेत, तुम्ही सगळे गावाकडचे आहात, बघितलंय तुम्ही.

आणि माता म्हणणाऱ्यांनीच तिला कुठे कुठे मज्जाव केलाय ते बघा. नांगर बाईनं धरायचा नाही. पानमळ्यात विटाळशी बाई गेली तर वेल जळतो. माझ्या आत्यानं आयुष्यात कधी नांगर हातात घेतला नाही, "पाप लागतं" म्हणायची. जमीन कसायचं सगळं काम तिचं, पण ज्या अवजारानं जमीन आपली म्हणता येते त्याला तिचा हात चालत नाही. तरी नवरात्रात घट तिनेच बसवायचे, घटातलं धान्य कसं उगवलंय ते बघून रब्बीचा अंदाज तिनेच करायचा.

लिहिता लिहिता अजून संताप यायला लागलाय, कारण आता बीड आठवतंय. आमच्या शेजारचाच जिल्हा. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या कोयत्याला मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात. बाई उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते, पाळी आली तरी खाडा करायचा नाही, खाडा केला तर पैसे कापतात. फडावर ना आडोसा, ना पाणी. पांढऱ्या पाण्याची, पोटदुखीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलं की डॉक्टरांनी गर्भपिशवीच काढून टाका म्हणायचं. २०१९ मध्ये यावर सरकारला समिती नेमावी लागली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या साडेतेरा हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. तिशीतल्या, चाळिशीतल्या बायका.

आता जोडून बघा. दुष्काळी मराठवाडा. भूगर्भातलं पाणी उपसून उपसून ऊस लावायचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायला पाणी आणावं लागलं, तरी आमच्याकडे ऊस थांबला नाही. पाणी गेलं म्हणून बीडची कोरडवाहू माणसं कोयता घेऊन सहा महिने बाहेर. जमिनीच्या पोटातलं पाणी आणि बाईच्या पोटातली पिशवी एकाच धंद्यात गेली. इकोफेमिनिझम कळायला मला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. स्टेजवर "स्त्री म्हणजे सृजन" म्हणणाऱ्या एकानंही कधी या बायकांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

रेल्वेनं पाणी आलं ही बातमी जगभर गेली. त्याच उन्हाळ्यात आत्या पहाटे उठून दुसऱ्याच्या बोअरवर नंबर लावून बसायची, त्याची बातमी होणार नव्हतीच.

हो, पुरुषांचंही वाईट चाललंय. फास घेणारा पुरुषच असतो बहुतेक वेळा, ते मी नाकारत नाही. मामाही कर्जाच्या काळजीनंच पोखरलेले होते. पण त्यांच्यामागे त्यांचं कर्ज बायकोकडे येतं आणि जमीन येत नाही, हे तर बघाल की नाही?

आणि सोयाबीनला मी शिव्या घालते, पण सोयाबीनच्या पैशानं आमच्या भागातली कितीतरी पोरं शिकली, माझ्या आतेभावासकट. मान्य. चूल गेली नि गॅस आला तेव्हा आत्याचा खोकला कमी झाला, हेही मान्य. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाहीये. आत्यालाही तसं वाटत नाही. तिला फक्त तिच्या उतरंडीचं काय होणार याची काळजी आहे, कारण सुनेला त्यात रस नाही. सुनेचंही बरोबर आहे. ज्या कामाला कोणी काम मानत नाही ते तिने का उचलावं?

राहीबाई पोपेरेंकडे बघितलं की बरं वाटतं. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, महादेव कोळी समाजातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आत्याला मी मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ दाखवला होता. तिने तो परत परत लावायला सांगितला. वालाच्या शेंगा दिसल्या तिथे थांबव म्हणाली, नीट बघितलं, म्हणाली, "ह्यो वाल आपल्याकडं व्हता. येळवशीच्या भज्जीत घालायचो." आमच्याकडे वेळ अमावस्येला रानात कडब्याची कोप करून पांडव मांडतात, लक्ष्मी पूजतात, आणि जेवायला बाजरीचे उंडे, आंबील आणि ती भज्जी. त्या भज्जीत रानात पिकणारं सगळं लागतं. आता भज्जीचा वाटाणा नि वाल बाजारातून येतो. पण राहीबाईंना बघताना आत्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. आपण करतो त्याला टीव्हीवर दाखवतात, राष्ट्रपती नमस्कार करतात, हे तिला पहिल्यांदा कळलं होतं.

पण सगळ्यांना पद्मश्री मिळत नाही. सगळ्यांना सातबाऱ्यावर नाव मिळू शकतं.

हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं असंही नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं अधिवेशन झालं, लाखांनी बायका आल्या होत्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करायचा, गावातल्या शंभर जणांनी केला की ते गाव लक्ष्मीमुक्त. हजारो शेतकऱ्यांनी केलं तेव्हा. जोशींची बाजारपेठेबद्दलची मतं मला सगळीच पटत नाहीत, पण या बाबतीत तो माणूस आजच्या वृक्षारोपणवाल्यांच्या फार पुढे होता. सरकारचीही त्याच नावाची योजना आहे. नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानंच द्यायचा असं लिहिलंय. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. कायद्यात कमी नाही.

कमी कुठे पडतं ते सांगते. आत्याची वारस नोंद शेवटी झाली. तिचं, दोन मुलांचं आणि मुलीचं नाव लागलं. वर्ष झालं नाही तोच माझ्या आतेबहिणीनं हक्कसोड, म्हणजे माझा वाटा मी सोडते असा कागद, लिहून दिलं. आणि तिला सही कर म्हणून सांगितलं कोणी? आत्यानं. "भावाबहिणीत वाकडं नगं. माहेर राहू दे बाई." फोनवर मी तिच्यावर ओरडले. त्या पारावर तू बसली होतीस ना गं, विसरलीस का, असं म्हणाले. ती म्हणाली, "इसरले न्हाई. पर तिला दिवाळीला यायला घर तर पायजे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. जमीन मागितली तर माहेर जातं, ही भीती आपण पोरींच्या मनात घातलीय. एक साडी-चोळी आणि वर्षातून एकदाचं बोलावणं, एवढ्यावर त्या सह्या करतात. आत्याला दोष देऊन काय करू? तिच्यावर सुद्धा कोणीतरी सही करायची वेळ आणलीच होती, आमच्याच घरात, माझ्या आजोबांच्या मागे. तेव्हा मी लहान होते. अंगठा उठवताना ती हसत होती एवढं आठवतंय.

म्हणून आज ज्यांनी ज्यांनी रोपासोबत फोटो टाकलेत त्यांना सांगते, टाका, झाडं लावाच. पण उद्या गावाकडचा उतारा काढा. मोबाईलवर सरकारच्या महाभूलेख या साइटवर दिसतो, तलाठ्याकडे जायचीही गरज नाही. त्यात तुमच्या आईचं, बायकोचं, बहिणीचं, वहिनीचं नाव आहे का बघा. खाली कॉमेंटमध्ये "खूप सुंदर लिहिलंस" नको, नाव आहे की नाही तेवढं लिहा. ज्यांच्या नावावर जमीन आहे आणि ज्यांची बायको त्या रानात राबते त्यांनी लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तलाठ्याकडे द्या. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचा प्रश्न याहून मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

आणि दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहिती आहे. बाबांच्या मागे वारस नोंदीसोबत वकिलांनी जो दुसरा कागद पाठवला होता, तो माझ्याकडे तसाच आहे. मी त्यावर सही करणार नाही. तुझ्याशी भांडण नाही, वहिनीशी तर मुळीच नाही. उलट तिचंही नाव लाव, मी तिच्या बाजूने आहे. दिवाळीला दरवर्षीसारखी येणारच आहे. साडी घेऊ नकोस. माझं नाव असलेला उतारा काढून ठेव.